क्रिकेटच्या कव्हरात गेलेलं पुस्तक

बाळकुमच्या वाचनालयात सगुणा पाटील कुठल्याही पोराला "तुला काय वाचायला आवडतं?" असं विचारत नाही. तिच्या मते तो प्रश्नच भंपक आहे. तेरा-चौदा वर्षांच्या पोराला तो विचारला की ते एकतर खांदे उडवतं, नाहीतर समोरच्या मोठ्या माणसाला जे ऐकायचं असतं ते बोलून मोकळं होतं. सगुणा खुर्चीतून उठते, चष्मा कपाळावर सरकवते आणि विचारते, "शेवटचं भांडण कुणाशी झालं रे तुझं?"

पोरं दचकतात. कुणी म्हणतं, पप्पांशी. कुणी म्हणतं, बेस्ट फ्रेंडशी, पण ती आता बेस्ट नाहीये. कुणी म्हणतं, कुणाशीच नाही; आणि असं म्हणणारं पोर सगळ्यात मोठं भांडण पोटात घेऊन आलेलं असतं, हे सगुणाला आता पाठ झालंय. कशावरून झालं, आधी गप्प कोण बसलं, आता बोलता का, एवढं विचारून ती कपाटाकडे जाते आणि एक पुस्तक काढून हातात ठेवते. एकच. "दोन-तीन दाखवा ना" म्हणणाऱ्याला ती ऐकवते, "हे काय साडीचं दुकान आहे?"

कपाट लोखंडी, दाराला पोपटी रंग, वर सगुणाच्याच अक्षरात 'मोठ्यांनी हात लावू नये' अशी पाटी. आत सगळी वयात येणाऱ्या पोरांसाठी लिहिलेली गोष्टींची पुस्तकं, आणि झाडून सगळ्यांना शाळेच्या पुस्तकांसारखी खाकी कव्हरं. ही भानगड आधी नव्हती. पण एकदा समोरच्या कॉम्प्लेक्समधल्या एका मुलीच्या हातात सायकलवरच्या मुलामुलीचं चित्र असलेलं पुस्तक शेजारणीने लिफ्टमध्ये पाहिलं, आणि मुलगी घरी पोचायच्या आत फोन पोचला. मुलांची तऱ्हा वेगळीच. कव्हरावर मुलीचं चित्र असलं की मुलगे ते पुस्तक चिमट्याने धरायलासुद्धा तयार नसत. सगुणाची सटकली. एका दुपारी बसून तिने सगळं कपाट खाकी करून टाकलं. आता घ्या! भूगोल कुठला आणि प्रेमकथा कुठली, शेजारणीच्या बापाला कळणार नाही.

त्या खाकी कव्हरावर ती स्केचपेनने एकच ओळ लिहिते. 'मोठ्या भावाचा राग येत असेल तर हे.' 'एकट्याने वाचू नये, वाचलं तर दिवा चालू ठेवावा.' 'वर्गात नवीन आलेल्यांसाठी.' पोरं ओळ वाचून पुस्तक नेतात आणि घरी गेल्यावर आतलं नाव बघतात. कव्हरं चिकटवलेली नसतात, घडी घालून अडकवलेली असतात. अधूनमधून सगुणा ती काढते, पुस्तकं पुसते, फाटलेलं कव्हर बदलते आणि पुन्हा चढवते. हे काम ती दुसऱ्या कुणाला करू देत नाही. ओळ आणि पुस्तक यांची जोडी तिच्या डोक्यात पक्की असते, असा तिचा अभिमान होता.

सगुणा पन्नाशीला आलेली. बाळकुम गावचीच. बापाची भातशेती होती, खाडीकडेला मिठागरात वाटा होता, आता त्या जागेवर टॉवर उभे आहेत आणि टॉवरांच्या नावात 'ग्रीन' आहे. दहावीला गणितात नापास झाली, पुन्हा बसली नाही. लग्न झालं, दोन वर्षांत नवऱ्याच्या तोंडावर चावी फेकून परत आली. त्यानंतर ती वाचत सुटली. वाण्याच्या पुडीपासून कोर्टाच्या निकालापर्यंत. गावाची विहीर बुजवायला आलेल्या डंपरसमोर उभी राहिली तीच, बसथांबा गावाच्या तोंडाशी आणला तीच, आणि गावच्या मंडळाच्या इमारतीत तळमजल्यावर वाचनालय झालं तेही तिने सख्ख्या भावाच्या फाटकासमोर चटई टाकून उपोषण केलं म्हणून. भाऊ धनेश, तिच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, मंडळाचा अध्यक्ष. गाव त्याला धनेशदादा म्हणतं. सगुणा धन्या म्हणते.

त्या गुरुवारी धन्या आला तेव्हा ती कपाटासमोर जमिनीवर बसली होती. भोवती उघडी पुस्तकं, मांडीवर कव्हरं.

"बाय," धनेश म्हणाला. मोठ्या बहिणीला तो पहिल्यापासून बाय म्हणतो. "हे कपाट जिन्याखाली ने. इथे अभ्यासिकेची सहा टेबलं बसतात."

"जिन्याखाली तू बस."

"ऐक तरी. दहावी-बारावीची पोरं जागा मागतात, स्पर्धा परीक्षावाली मागतात. ह्या तुझ्या गोष्टी वाचून कोण कलेक्टर झालाय?"

"आणि काहीच न वाचता तू अध्यक्ष झालास, ते बघतोय ना गाव!"

"मना नको शिकवू."

"तुना शिकवून काय उपयोग! मास्तर थकले, मी कोण?"

बोलता बोलता तिचे हात चालू होते. कव्हराची घडी उघड, पुस्तक सरकव, दुसरी घडी दाब. राग आला की सगुणाचे हात जास्तच भराभर चालतात. धनेश म्हणाला, रविवारी कमिटीत ठराव मांडतो. ती म्हणाली, मांड, मी चटई काढते. तो म्हणाला, तू काढशीलच. ती म्हणाली, फाटक तेच आहे ना अजून? तो पाय आपटत गेला.

तो दारातून बाहेर पडतो न पडतो तोच सान्वी आणि तिचे वडील आत आले.

सान्वी नववीतली, समोरच्या कॉम्प्लेक्समधली. घरचे मूळचे कोकणातले. ती सगुणाच्या सगळ्यात खादाड वाचकांपैकी एक. वडील संदेश कधी येत नसत, त्या दिवशी आले, आणि मुलगी कपाटाकडे वळल्याबरोबर टेबलाशी वाकून हळू बोलले, "ताई, एक विनंती होती. हिला काहीतरी हलकंफुलकं द्या. हिच्या आईचं, स्वप्नाचं, परवा ऑपरेशन आहे. छातीत गाठ आहे. काढल्यावर कळेल कसली ती."

"सान्वीला सांगितलंत?"

"नाही. नको. छोटंसं काहीतरी आहे, एवढंच सांगितलंय. चार दिवस तिच्या उत्तरा मावशीकडे आंबिवलीला पाठवतोय. मावशीचे शिवणाचे क्लास असतात, घरात माणसं असतात, मन रमेल. फक्त पुस्तक हसवणारं द्या. प्लीज."

सगुणाला ते पटलं नव्हतं. पण माणसाच्या दाढीचे खुंट पाहिले, शर्टाचं चुकलेलं बटण पाहिलं आणि ती म्हणाली, "मी देते. निर्धास्त जा."

मग सान्वीला विचारलं, "शेवटचं भांडण?"

"आईशी."

"कशावरून?"

"ती काहीच सांगत नाही म्हणून."

सगुणाने कपाटातून पुस्तक काढलं. कव्हरावर ओळ होती: 'हसून पोट दुखलं तर वाचनालय जबाबदार नाही. क्रिकेट येत नसलं तरी चालेल.' गल्लीतल्या सगळ्यात वाईट टीमची गोष्ट होती ती. आजवर एकही पोर ती वाचून हसल्याशिवाय परत आलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी गावातली समृद्धी आली. तिचे आजोबा महिन्यापूर्वी गेले होते. तिला सगुणाने दुसरं पुस्तक दिलं: 'ज्याच्या घरातलं कुणी गेलंय त्याच्यासाठी. हळू वाचा. घाई नाही.' ही एका मुलीची गोष्ट. घरात आई आजारी, सगळे मुलीपासून लपवतात, आणि आई जाते. पुढे ती मुलगी कशी सावरते ते. दोन्ही पुस्तकं एकाच आकाराची, एकाच जाडीची.

रविवारी सकाळी सगुणा कुलूप काढतेय तोच समृद्धी पायरीवर हजर.

"आत्या, काय दिलंस गं तू मला? आजी मारायला निघालेली!"

"का? काय झालं?"

"मी हसत होते ना. एवढी हसले, एवढी हसले की आजी म्हणाली, आजा जाऊन महिना नाय झाला आणि ही पोरगी दात काढते. मी म्हटलं, सगुणाआत्याने दुःखाचं पुस्तक दिलंय. आजी म्हणाली, दाखव. मी म्हटलं, ह्यात विकेटकीपरची चड्डी फाटते."

सगुणाने पुस्तक तिच्या हातातून ओढलं. कव्हर तेच, 'हळू वाचा. घाई नाही.' आतलं पान उघडलं. क्रिकेट.

ती पायरीवरच बसली. गुरुवारची दुपार, मांडीवरची कव्हरं, धन्याचं तोंड, आपले भराभर चालणारे हात, सगळं एका झटक्यात डोळ्यांपुढून गेलं. समृद्धीचं पुस्तक गेलं खड्ड्यात. पण तिकडे आंबिवलीला एक मुलगी आपल्या आईपासून लांब बसून, आईच्या ऐन ऑपरेशनच्या दिवसांत, आई मरते ती गोष्ट वाचत होती. आणि ती गोष्ट 'निर्धास्त जा' म्हणून सगुणाने आपल्या हाताने दिली होती.

"आत्या, तुला बरं नाय का?"

"बरी आहे. आजीला सांग, हसण्यात काही पाप नाही. सगुणाआत्या येऊन सांगेल म्हणावं."

तिने सान्वीच्या कार्डावरचा संदेशचा फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. आता हजार शंका. ऑपरेशन काल झालं असणार. फोन बंद का? मावशीचा नंबर नाही. पत्ता काय, तर आंबिवली आणि शिवणक्लास. कल्याणच्या पुढे रविवारचा मेगाब्लॉक, इथून रिक्षावाला तेवढ्या लांब येणार नाही, आणि सगुणाच्या ओळखीत गाडी असलेला माणूस म्हणजे एकच.

धनेश फाटकाशी आपली पांढरी मोठी गाडी पुसत होता. गुरुवारपासून दोघं बोलले नव्हते. सगुणा चालत गेली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. आयुष्यात तिने डंपर अडवले होते, ते सोपं होतं.

"धन्या, मला आंबिवलीला ने."

त्याने फडकं खांद्यावर टाकलं. "आणि ठराव? संध्याकाळी कमिटी आहे."

"ठराव मांड, नायतर डोक्यावर घे. आत्ता मला ने."

धनेशने बहिणीच्या तोंडाकडे बघितलं. काय दिसलं त्याला ते तोच जाणे. त्याने बादली लाथेने बाजूला केली आणि दार उघडलं.

काशेळीचा पूल ओलांडला आणि गोदामांचे ट्रक सुरू झाले. पुढे ट्रक, मागे ट्रक, मधे धनेशचा हॉर्न. सगुणाने त्याला काय घडलं ते सांगितलं. चूक कबूल करायची तिला सवय नव्हती, आणि धन्यासमोर तर नाहीच.

"एवढंच?" तो म्हणाला. "पुस्तक तर आहे. पोरगी काय रडली तर रडली."

"तुझं डोकं गोदामात भाड्याने दिलंयस का? तिची आई इस्पितळात आहे, तिला कुणी सांगितलेलं नाही, आणि त्या पुस्तकातल्या आईचंही कुणी सांगत नाही, आणि ती मरते! पोरीला काय वाटेल? हे सगळे हेच लपवतायत, असं वाटेल!"

अंजूरफाट्याला गाडी थांबली. डावीकडे खारबावचा रस्ता फुटतो. दोघांनीही एकदमच तिकडे बघितलं आणि दोघांनीही लगेच समोर बघितलं.

खारबावला त्यांचे मामा राहायचे. त्यांची आई बायजा ठाण्याच्या इस्पितळात होती तेव्हा ह्या दोघांना मामाकडे धाडलं होतं. सगुणा तेरा वर्षांची, धन्या दहाचा. आईला ताप आहे, म्हणाले. मामाने रोज खाडीतल्या चिंबोऱ्या, मोठाले खेकडे, आणल्या, जत्रेत पाळण्यात बसवलं. दोघं परत घरी आले तेव्हा अंगणात चुलत्यांच्या चपला होत्या आणि आईचा फोटो भिंतीवर होता. धन्याने विचारलं होतं, आईने हार का घातलाय?

"मी चिंबोरी खात नाय अजून," धनेश समोर बघत म्हणाला.

"माहिती आहे."

"तेव्हा कुणी सांगितलं असतं तर..." त्याने मग गिअर टाकला, पुढच्या टेंपोवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि दुर्गाडीच्या पुलापर्यंत गाडी अशी हाणली की सगुणाने वरचा दांडा धरला.

आंबिवली स्टेशनजवळ शिवणक्लास विचारल्यावर पहिल्याच भाजीवाल्या बाईने वर बोट केलं. "उत्तरा मॅडमचा ना? निळी इमारत, दुसरा माळा. ब्लाउज चांगला शिवते, पण वेळेवर देत नाही." सगुणा जिना चढताना मनात वाक्यं जुळवत होती. बाळा, ते पुस्तक चुकून... नको. सान्वी, गोष्ट ही गोष्ट असते... हे तर अगदीच धन्यासारखं. शेवटी तिने ठरवलं, दार उघडलं की आधी पोरीचं तोंड बघायचं. मग सुचेल ते.

दार मावशीने उघडलं. गळ्यात टेप, ओठांत टाचणी. टाचणी काढून म्हणाली, "आज क्लासला सुट्टी आहे."

"मी वाचनालयातली. बाळकुमची. सान्वी..."

"अय्या, सगुणाताई का? या ना! सान्वी, कोण आलंय बघ!"

सान्वी आतल्या खोलीतून आली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, हातात खाकी पुस्तक. पण पोरीच्या तोंडावर जे होतं ते रडू नव्हतं. राग होता.

"ताई! किती फसवलंत तुम्ही मला!"

"बाळा, माझं चुकलं..."

"मी पहिल्या पानापासून क्रिकेटची वाट बघतेय! मला वाटलं ही आई म्हणजे कोच असेल. मग आई आजारी पडली. मला वाटलं, ओके, आता मॅच होणार, पोरगी जिंकणार, कप घेऊन हॉस्पिटलमध्ये जाणार, आई बरी होणार. पिक्चरमध्ये दाखवतात तसं. अर्ध्यापर्यंत आले, साधी बॅट नाही!"

मागे जिन्यात धनेशला हसू फुटलं ते त्याने खोकल्यात लपवलं. सगुणाला मात्र हसायचा धीर नव्हता. "मग? पुढे वाचलंस?"

"मग मला डाउट आला. मी शेवट बघितला."

मावशीने टेपचं टोक बोटाला गुंडाळलं.

"शेवट बघितला," सान्वी म्हणाली, "आणि मावशीच्या मोबाइलवरून पप्पांना फोन लावला. काल दुपारी. म्हटलं, आईला काय झालंय ते खरं सांगा. ते म्हणाले, छोटंसं आहे गं. मी म्हटलं, ह्या पुस्तकातले बाबापण हेच म्हणतात, पान उघडून वाचून दाखवू का? ते म्हणाले, रात्री बोलतो. मी म्हटलं, रात्री नाही बोललात तर मी येते. आंबिवलीवरून ठाण्याची ट्रेन मला कळते."

"आणि आली असती हो ही," मावशी म्हणाली. "चपला घालून दारात बसलेली."

"मग संध्याकाळी फोन आला. आईच होती." इथे मात्र सान्वीचा आवाज जरासा हलला. "भांडताना असतो ना तिचा आवाज, तसाच होता. म्हणाली, गाठ होती, काढली, डॉक्टरांनी लगेच तपासली, साधी निघाली. घाबरायचं काही नाही. तुला आधी सांगायला हवं होतं, नाही सांगितलं, माझी चूक. आता रड, आणि मग जेव."

सगुणाने भिंतीला हात टेकला. तिथे शिलाई मशीन होतं, त्याच्या चाकावर हात पडला, चाक फिरलं आणि सुई खटकन खाली गेली. तिचं लक्षच नव्हतं. गाठ साधी निघाली. सकाळपासून छातीवर बसलेलं ते काहीतरी उठलं आणि निघून गेलं, आणि त्या जागी एकदम एवढी मोकळीक झाली की तिला खाली बसावंसं वाटलं. ती बसलीच. कापडाच्या ढिगावर.

"ताई, तो लेहंगा आहे," मावशी म्हणाली. "बसा, बसा. इस्त्री करायचीच होती."

"मग रडलीस?" सगुणाने सान्वीला विचारलं.

"खूप. आधी बरं वाटलं म्हणून. मग राग आला म्हणून. सगळ्यांना माहीत, मावशीला माहीत, तुम्हाला पण माहीत होतं ना?"

कपाटावर पाटी लावणारी बाई लेहंग्यावरून उठून पोरीसमोर उभी राहिली. मग म्हणाली, "हो. माहीत होतं. तुझ्या बाबांनी सांगितलं. मी तुला हसवणारं पुस्तक देणार होते. गुरुवारी मी रागात होते, कव्हरं चढवताना अदलाबदल झाली. तुला हे पुस्तक द्यायचं नव्हतं."

"म्हणजे क्रिकेटचं खरंच आहे?"

"आहे. गावातल्या एका मुलीकडे गेलं. तिला रडायचं होतं, ती हसतेय. आजीच्या शिव्या खातेय."

सान्वी हसली. सुजलेल्या डोळ्यांनी माणूस हसतो तेव्हा जरा वेंधळंच दिसतं. तशीच ती दिसली. मावशी हसली, धनेश हसला, आणि मग सगुणालाही हसू आलं.

"कुणावर रागावलेलात?" सान्वीने विचारलं. मग तिचे डोळे चमकले. ती उभी राहिली, नसलेला चष्मा कपाळावर सरकवला आणि हुबेहूब सगुणाच्या आवाजात म्हणाली, "शेवटचं भांडण कुणाशी झालं हो तुमचं?"

सगुणाने अंगठ्याने मागे दाखवलं. "ह्याच्याशी."

"कशावरून?"

"तुमचं कपाट जिन्याखाली टाकायला निघालाय."

तीन बायकांची तोंडं एकाच वेळी आपल्याकडे वळलेली बघून मंडळाचा अध्यक्ष अर्धा पाऊल मागे सरकला. "अरे, नुसता ठराव आहे," तो म्हणाला. "मी काय आत्ता उचलतोय?"

"मिटलं का?" सान्वीने सगुणाला विचारलं.

"विचार करतेय."

मावशीने चहा टाकला. सगुणाने पुस्तकासाठी हात पुढे केला. "आण ते. पुढच्या वेळी क्रिकेटचं देते."

सान्वीने पुस्तक पाठीमागे धरलं. "माझं झालं नाही अजून. शेवट वाचलाय फक्त. मधलं राहिलंय."

"वाचवेल?"

"आता वाचवेल. आता मला माहितीये ना, माझी आई काय करतेय. आज सकाळी उपमा खाल्लान् आणि हॉस्पिटलच्या उपम्याला नावं ठेवलीन्." कोकणातल्या आजीचे हेल पोरीच्या तोंडात मधेच असे यायचे. "पण ताई, ह्याचं कव्हर बदला. कुणीतरी पुन्हा बॅट शोधत बसेल."

सगुणाने पर्समध्ये बघितलं. नवा खाकी कागद कुठून असणार? सान्वीनेच कव्हर काढलं, उलटं केलं, कोरी बाजू वर आणली आणि घड्या पुन्हा मोडल्या. मावशीच्या टेबलावरचा, ब्लाउजच्या पिशव्यांवर नावं टाकायचा काळा मार्कर घेतला. थोडा वेळ विचार केला आणि लिहिलं: 'शेवट आधी वाचला तरी चालेल. मग घरी फोन करा.'

त्या कपाटातल्या एकाही पुस्तकावर आजवर दुसऱ्या कुणाचं अक्षर नव्हतं. सगुणाने ओळ वाचली, पुन्हा वाचली. 'हळू वाचा, घाई नाही' ही तिची स्वतःची ओळ तिला एकदम पोपटी दारासारखी जुनी वाटली. पण तसं बोलून दाखवेल तर ती सगुणा कसली! "अक्षर सुधार," एवढंच म्हणाली.

परतताना कल्याण सोडलं आणि संदेशचा फोन आला. सगुणाने तो लगेच उचलला नाही. मांडीवर ठेवून बघत बसली. धनेश म्हणाला, "उचल बाय. खाणार नाय तो तुला." तिने उचलला.

"ताई, उत्तरा म्हणाली तुम्ही तिकडे आला होतात."

"हो. संदेशभाऊ, चूक माझी होती. तुम्ही विश्वासाने..."

"मी तुम्हाला हलकंफुलकं म्हटलं होतं," तो म्हणाला. आवाज झोपेतून उठल्यासारखा होता. "काल संध्याकाळी सान्वीशी बोलणं झालं, आणि मी बाकड्यावर आडवा झालो तो आत्ता उठलो. फोन बंद पडलेला कळलंसुद्धा नाही. दहा-बारा दिवसांत पहिल्यांदा झोपलो." मग जांभई आवरत म्हणाला, "तरी पुढच्या वेळी कव्हरं नीट बघा, ताई."

"बघेन."

तिने फोन ठेवला. अंजूरफाटा आला. खारबावच्या रस्त्याला गाड्या वळत होत्या, दोघांनी ह्या वेळी डोळे फिरवले नाहीत. काशेळीच्या अलीकडे पुन्हा ट्रकांची रांग. धनेशने गाडी बंद केली, सीट मागे टाकली आणि डोळे मिटून म्हणाला, "ते आईचं पुस्तक. पोरीचं वाचून झालं की मला दे."

"कार्ड आहे का तुझं?"

"मी अध्यक्ष हाय!"

"अध्यक्षाला वेगळा नियम नाय. कार्ड काढ. आणि ते लहान पोरांचं कपाट आहे. पाटी वाचलीस ना?"

"बरं, मग ठराव मागे घेतो. पण अभ्यासिकेला जागा तर कुठेतरी पाहिजे, बाय. पोरं खरंच मागतात."

"तुझं ऑफिस आहे की मंडळाचं. रिकामंच असतं. तिथे चार टेबलं बसतात."

"माझं ऑफिस?" धनेशने डोळे उघडले, सीट सरळ केली. "माझ्या ऑफिसात?"

"का? त्या खुर्चीवर बसून कोण कलेक्टर झालाय?"

मागून ट्रकवाल्याने हॉर्न दिला, पुढचा ट्रक हातभर सरकला, आणि बाळकुम येईपर्यंत दोघं भांडत राहिले.